डावा तळवा मोठ्या संख्यांचा

कापूसबाईंच्या डाव्या तळव्याला मोठ्या संख्या कळायच्या आणि उजव्याला लहान. वर्तमानपत्रात सूर्य किती दूर आहे असलं काही छापून आलं की डावा तळवा गरम व्हायचा. औषधाच्या बाटलीवर दशांशचिन्हापुढे शून्यांची रांग दिसली की उजवा हात आपोआप पुढे यायचा, आणि बाई तो चटकन पाठीमागे न्यायच्या. गणिताच्या बाई, नववीचा वर्ग, शाळेत उभी हयात गेलेली. पण शिकवताना दोन्ही हात कायम पाठीमागे. खडूपुरता एक हात पुढे यायचा आणि काम झालं की परत जागेवर जायचा. मुलांनी नाव ठेवलं ते त्यावरूनच. या बाई मारत नाहीत, ओरडत नाहीत, नुसता कापूस आहेत.

मुलं वरवरचं पाहून नावं ठेवतात, त्यांचा काय दोष? बाईंना राग येत नव्हता असं ज्यांना वाटायचं, त्यांनी कधी मागे जाऊन त्या बांधलेल्या हातांची नखं पाहिली नव्हती. वर्ग फार चेकाळला की ती नखं दुसऱ्या हाताच्या मनगटात रुतायची. घरी गेल्यावर बाई तिथे मलम लावायच्या.

हा राग घरचा होता, वडिलोपार्जित. बाईंचे वडील त्याच शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. सगळी वस्ती त्यांना मास्तर म्हणायची, बाई अण्णा म्हणायच्या. उंच, हाडापेराने मजबूत, आणि हातात फळ्यावर वर्तुळं काढायचं लाकडी कर्कटक. त्याच्या एका पायाला खडू बसवायची खोबण, दुसऱ्याला खिळा. मास्तरांनी त्याने वर्तुळं किती काढली देव जाणे, मारलं मात्र मन लावून.

मास्तरांची स्वतःची पद्धत होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान. अवाढव्य किंवा अगदी चिमुकली संख्या वैज्ञानिक रूपात लिहायची म्हणजे दशांशचिन्ह सरकवत सरकवत पहिल्या खऱ्या अंकाच्या लगेच उजवीकडे आणून ठेवायचं, आणि जितकी घरं ते सरकलं तितका दहाचा घात लिहायचा. चिन्ह डावीकडे सरकलं तर संख्या मोठी, घात धन. उजवीकडे सरकलं तर संख्या लहान, घात ऋण. नववीतली मुलं नेमकी इथेच गोंधळतात. मास्तरांच्या वर्गात कोणी गोंधळायचं नाही. मुलाने फळ्यापाशी हात पसरून उभं राहायचं. चिन्ह डावीकडे एक घर सरकलं की डाव्या तळव्यावर एक, उजवीकडे सरकलं की उजव्यावर एक. सूर्य पंधरा कोटी किलोमीटर, म्हणजे दीड गुणिले दहाचा आठवा घात, म्हणजे डाव्या हातावर आठ. केसाची जाडी मीटरमध्ये सांगायची तर सात गुणिले दहाचा उणे पाचवा घात, उजव्यावर पाच. पृथ्वीच्या वजनाचा दिवस आला की अर्ध्या वर्गाच्या पोटात दुखायचं, कारण तिथे घात चोविसावा.

“ही शिक्षा नाही, शिकवणी आहे,” मास्तर म्हणायचे. “शिक्षा चुकलं तर.” चुकलं तर तळवा उलटा करून बोटांच्या पेरांवर, आणि तेही कर्कटकाच्या धारेने.

त्यांच्या वर्गात बसलेलं पोर हात कसा पुढे करायचा हे पहिल्याच आठवड्यात शिकायचं. बोटं मागे ताणलेली, अंगठा तर्जनीला घट्ट चिकटवलेला. अंगठा मोकळा राहिला तर लाकडाची कड त्यात अडकून नख काळंनिळं व्हायचं, आणि मग ते गळून पडायचं. वस्तीतल्या कितीतरी मोठ्या माणसांचं एकेक नख वेडंवाकडं उगवलेलं होतं. तीच माणसं बाईंना रस्त्यात गाठून सांगायची, “तुमच्या वडिलांनी मारलं म्हणून आम्ही घडलो हो!” बाई हसायच्या. घडलेल्या माणसाला कोण सांगणार की बाबा रे, तू फक्त वाचलास.

बाई स्वतः नववीत होत्या तेव्हाची गोष्ट. एका पोराचा अंगठा नुसता सुजला नाही, हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीआधी त्याचा बाप आला. हा ट्रक चालवायचा, मानेइतकेच जाड दंड. त्याने वर्गाच्या दारातून मास्तरांना कॉलर धरून बाहेर ओढलं आणि फरफटत पटांगणात नेलं. कर्कटक त्यांच्याच हातातून हिसकावलं.

“कुठल्या हाताने मारतोस रे पोरांना? दाखव! दाखव की!”

मास्तरांनी हात दाखवला नाही, म्हणून तो जिथे लागेल तिथे मारत सुटला. खांद्यावर, बरगड्यांवर, तोंडावर. खिळा गालात घुसला आणि कानापासून हनुवटीपर्यंत चिरत खाली आला. मास्तरांनी तोंड उघडलं तेव्हा दोन दात रक्ताबरोबर मातीत पडले. शिपाई आडवा आला, त्याचंही डोकं फुटलं. सगळ्या वर्गांच्या खिडक्या मुलांनी भरलेल्या, आणि कोणी ब्र काढत नव्हतं. मग कुणीतरी मोजायला सुरुवात केली. दहाचा पहिला घात, दहाचा दुसरा घात, दहाचा तिसरा. हळूहळू अख्खी शाळा एका सुरात मोजायला लागली. त्यांत सगळ्यांत मोठा आवाज मास्तरांच्या मुलीचा होता. तिला इतका आनंद त्याआधी कधी झाला नव्हता, आणि त्या आनंदाची तिला जन्मभर भीती वाटत राहिली.

मास्तरांनी गालाचे टाके ओले असतानाच पुन्हा वर्ग घेतला. ओठ सुजलेले, शब्द बोबडे. फळ्यावर त्यांनी पृथ्वीचं वजन लिहिलं, सगळ्या शून्यांसकट, आणि पहिला हात मागितला तो स्वतःच्या मुलीचा. मुलीचा आवाज त्यांनी ओळखला होता. चोवीस घरं डावीकडे. त्या दिवशी घरी आल्यावर ती पेला उचलू शकली नाही. आईने बादलीतल्या गार पाण्यात तिचे हात धरून ठेवले आणि मास्तर घरात शिरताच पहिल्यांदा आणि शेवटचं त्यांच्या समोर उभी राहिली.

“पोरीला हात लावायचा नाही,” आई म्हणाली.

मास्तरांनी आईचं मनगट धरलं आणि दाराच्या चौकटीवर आपटलं. ते मोडलं आणि वाकडंच जुळलं. आई पुढे पाच-सहा वर्षं जगली, पण त्या हाताने तिला वेणी घालता आली नाही. मुलीने आईच्या उशाशी बसून मनाशी ठरवलं की हे माझ्यापाशी संपलं. मी कुणावर हात उगारणार नाही, वर्गात नाही, घरात नाही, जीव गेला तरी नाही. बाईंचं उभं आयुष्य या एका गोष्टीवर उभं होतं. बाकी त्यांच्याकडे मिरवण्यासारखं फारसं काही नव्हतं.

हात त्यांनी खरोखरच उगारला नाही. लग्न झालं, नवरा जहाजावर, वर्षातून दीड-दोन महिने घरी. एक मुलगी झाली. तिच्या कपाळावर जन्मतःच लालसर ठिपका होता, म्हणून तिला टिकली म्हणायचे. टिकलीने दूध सांडलं, भिंती रंगवल्या, शेजारच्यांची काच फोडली. बाई दोन्ही हात पाठीमागे नेऊन तिच्यासमोर उभ्या राहायच्या आणि नुसतं बोलायच्या. शेजारीण म्हणायची, “अहो, एक ठेवून द्या की! लाडावून ठेवलीय कार्टीला.” बाई म्हणायच्या, “असू दे लाडावलेली.”

मग मास्तरांना पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं, आणि दुसरं कोणी नसल्यामुळे त्यांची रवानगी मुलीच्या घरी झाली. बाईंनी त्यांना खिडकीजवळची खोली दिली. न्हाऊ घातलं, भरवलं, दाढी केली. दाढी करताना वस्तरा गालावरच्या जुन्या व्रणापाशी आला की त्यांचा हात थांबायचा, पण मग पुढे जायचा. मास्तरांनी सामानात कर्कटकही आणलं होतं. बाईंनी ते पाहिलं, आणि राहू दिलं. ज्या माणसाला स्वतःचा सदरा घालता येत नाही तो त्याने काय करणार? एकच हात, त्यातही डावा, थरथरणारा. उरलंय किती बळ त्यात? धरायचंच नाही इतकं लहान.

आता गंमत बघा. याच बाई नववीच्या वर्गाला दरवर्षी घसा फोडून सांगायच्या, “मुलांनो, दशांशचिन्हानंतर कितीही शून्यं असोत, शेवटी एक अंक उभा आहे ना? मग ती संख्या शून्य नाही. लहान आहे. लहान म्हणजे शून्य नव्हे!” फळ्यावर अधोरेखित करून सांगायच्या. घरी येऊन मात्र विसरल्या.

बाईंची शाळा संध्याकाळी सुटायची, टिकलीची दुपारी. मधल्या वेळात ती आजोबांपाशी बसायची. आजोबा अभ्यास घेतात, याचं बाईंना बरंच वाटायचं. टिकलीचं गणित सुधारलं. सुधारलं कसलं, धावायलाच लागलं. आठवीतली पोर नववीची उदाहरणं सोडवायची, वैज्ञानिक रूपात तिची एकही चूक व्हायची नाही. बाईंनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं, “रक्तातच आहे हो आमच्या गणित.” मान ताठ करून सांगितलं.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी बाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर प्रश्नपत्रिका काढत होत्या. समोर टिकली चित्र रंगवत बसलेली. बाईंना पुटपुटत लिहायची सवय. “एका जंतूची लांबी शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य शून्य शून्य दोन मीटर आहे,” त्या स्वतःशीच म्हणाल्या.

टिकलीने ब्रश खाली ठेवला नाही, वर पाहिलंही नाही. तिचा उजवा हात ब्रशसकट थांबला, ब्रश गळून पडला, आणि तळवा टेबलावर उघडला गेला. बोटं मागे ताणलेली. अंगठा तर्जनीला घट्ट चिकटलेला.

बाईंना आधी काही कळेना. मग त्या अंगठ्याकडे पाहून सगळं कळलं. हे कुणी पुस्तकातून शिकत नाही.

“हात असा का केलास?” त्यांनी विचारलं.

“कसा?” टिकलीने स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि तो झटकन मागे घेतला.

“आजोबा मारतात?”

“मारत नाहीत. शिकवतात.”

“कशाने?”

टिकलीने पडलेला ब्रश उचलून पाण्यात बुडवला.

“रडलीस?”

“पहिल्यांदा रडले. आता लागत नाही फार. आजोबांना जोर नाहीये ना.” मग तिला वाटलं आई रागावेल, म्हणून घाईघाईने म्हणाली, “ते म्हणाले तुलाही असंच शिकवलं. म्हणून तुला इतकं येतं. मी कुणाला सांगितलं नाही, आई, तू रागावू नकोस. माझं एकही चुकत नाही आता!”

बाईंनी तिचे दोन्ही हात उजेडात धरले. उजव्या अंगठ्याच्या नखाच्या मुळाशी काळपट डाग होता. बाईंनी तो आठवड्यापूर्वी पाहिलाही होता, आणि शाई समजून धुवायला सांगितला होता.

त्या उठल्या. खुर्ची मागे पडली. आजोबांच्या खोलीत मास्तर खिडकीशी बसले होते आणि कर्कटक त्यांच्या मांडीवर होतं. जणू ते वाटच पाहत होते.

“अण्णा, पोरीला मारता?”

“शिक...वतो,” मास्तर वाकड्या तोंडाने म्हणाले. “आलं की तिला. तुला नाही आलं?”

“द्या ते इकडे.”

मास्तरांनी दिलं नाही. बाईंनी कर्कटक धरून ओढलं, मास्तरांनी डाव्या मुठीत घट्ट आवळलं. त्या मुठीत केवढं बळ होतं! बाई दोन्ही हातांनी ओढत होत्या आणि ते सुटत नव्हतं. खिळ्याने त्यांचं मनगट फाडलं, रक्त मास्तरांच्या सदऱ्यावर उडालं. मास्तर हसले. निदान अर्धं तोंड हसल्यासारखं झालं. बाईंनी त्यांच्या छातीला गुडघा लावला आणि हिसडा मारला, तेव्हा ते हातात आलं. खुर्ची भिंतीवर आदळली.

“माझ्या पोरीला?” बाई ओरडल्या. त्या घराने, त्या गल्लीने कापूसबाईंचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. “माझी आई खाल्लीत, माझे हात खाल्लेत, आणि आता माझी पोर?”

त्यांनी कर्कटक उगारलं. ते उगारलेलं पाहून मास्तरांच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसलं गेलं. डोळे लहान मुलासारखे झाले. डावा हात सावकाश पुढे आला. बोटं मागे ताणलेली, अंगठा तर्जनीला चिकटलेला.

“मोठी की लहान, सर?” त्यांनी घाबरून विचारलं.

म्हणजे ही पद्धत त्यांची नव्हतीच. त्यांनाही कुणीतरी असाच हात पुढे करायला लावला होता, फार पूर्वी, आणि ते आजही त्याच फळ्यापाशी उभे होते. बाईंना हे एका क्षणात उमगलं, लख्ख उमगलं. इथे कुठलाही भला माणूस हात खाली घेईल.

बाईंनी मारलं. एकच, पण खांद्यापासून. तळव्याचं हाड मोडल्याचा आवाज झाला, कर्कटकाचा सांधा निखळला आणि दोन पाय दोन दिशांना उडाले. मास्तर किंचाळले नाहीत, त्यांनी दुसऱ्या फटक्यासाठी हात तसाच पुढे धरून ठेवला, वाकलेल्या बोटांसकट. आणि बाईंना बरं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही, त्यांना फार फार बरं वाटलं. पटांगणातला तो आनंद जसाच्या तसा वर आला.

मग त्यांनी वळून पाहिलं. दारात टिकली उभी होती. ती रडत नव्हती, आजोबांकडे बघतही नव्हती. तिचे डोळे आईच्या हातावर होते, आणि स्वतःचे दोन्ही हात तिने काखेत खोल खुपसले होते.

“टिकली,” बाई म्हणाल्या आणि एक पाऊल पुढे आल्या.

टिकली एक पाऊल मागे गेली.

दवाखान्यात डॉक्टरांनी मास्तरांच्या हाताला प्लास्टर घातलं. डॉक्टर मास्तरांचेच विद्यार्थी, त्यांचंही एक नख वाकडं होतं. “पडले वाटतं सर?” त्यांनी विचारलं.

“मी मारलं,” बाई म्हणाल्या.

डॉक्टर हसले. “तुम्ही? अहो, तुम्ही तर झुरळाला घाबरता.” त्यांनी पडल्याचंच लिहिलं. बाईंनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने सांगितलं, तर त्यांनी बाईंनाही शांत झोप लागायची गोळी दिली. वस्तीत कुणालाच ते खरं वाटलं नाही. मास्तर त्या हिवाळ्याअखेर गेले तेव्हा सगळी वाकड्या नखांची माणसं डोळे पुसत आली आणि बाईंना म्हणाली, तुम्ही त्यांचं किती केलंत. खरं काय ते ठाऊक असलेलं एकच माणूस होतं आणि ते आठवीत होतं.

टिकली आईशी बोलायची, जेवायची, शाळेत जायची. पण आई शेजारी येऊन बसली की तिचे हात काखेत जायचे. ती नववीत गेली आणि वैज्ञानिक रूपाचा धडा आला, तेव्हा तिने साफ नकार दिला. सूर्याचं अंतर ती सगळ्या शून्यांसकट लिहायची, जंतूची लांबीही. गुण जायचे, जाऊ दे म्हणायची. दशांशचिन्ह जागचं हलवायला ती तयार नव्हती.

“मी शिकवते तुला,” एकदा बाई म्हणाल्या. “हातांशिवाय.”

बाईंनी टेबलाशी खुर्ची ओढली, वही तिच्यासमोर सरकवली आणि क्षणभर विचार केला. हात पाठीमागे नेऊन भागणार नव्हतं, पाठीमागचा हात पुढे येतो हे पोरीने पाहिलं होतं. मग त्यांनी दोन्ही तळवे खुर्चीवर पालथे ठेवले आणि त्यांच्यावर सगळा भार टाकून बसल्या.

“पंधरा कोटी,” त्या म्हणाल्या. “चिन्ह कुठे आहे आत्ता?”

टिकली खाली वाकली. टेबलाखालून तिने नीट पाहिलं, आईचे दोन्ही हात मांड्यांखाली आहेत का, एक इकडे, एक तिकडे. मग वर आली, काखेतून एक हात काढला आणि पेन्सिल उचलली.